वाचन-संपादणूक आणि शिक्षकांची शैक्षणिक पात्रता : महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांचा इतिहास

शालेय विद्यार्थ्याने वाचनात प्रत्यक्ष गाठलेली आणि चाचणीने मोजता येण्याजोगी पातळी म्हणजे वाचन-संपादणूक होय. अक्षरओळख, शब्द व वाक्य यांचे अस्खलित वाचन आणि वाचलेल्या मजकुराचे आकलन ही तिची प्रमुख अंगे. शिक्षकाची शैक्षणिक पात्रता या संज्ञेत त्याचे सामान्य शिक्षण, अध्यापनाचे प्रशिक्षण आणि त्याबद्दल मिळालेली प्रमाणपत्रे यांचा अंतर्भाव होतो. पात्रता वाढविली की संपादणूक वाढेल, या गृहीतावर प्राथमिक शिक्षणाची धोरणे सु. दीडशे वर्षे आखली गेली. शिक्षकाची पात्रता या काळात खरोखरच टप्प्याटप्प्याने वाढत गेली; वाचनाची गोष्ट तितकी सरळ नाही.

पंतोजींच्या शाळा : ब्रिटिश अंमलाच्या आरंभी महाराष्ट्रातील शाळा म्हणजे पंतोजींच्या शाळा होत. देवळात, ओसरीवर किंवा एखाद्या सावकाराच्या पडवीत त्या भरत. धूळपाटीवर अक्षरे गिरविणे, पाढे, पावकी-निमकी आणि मोडी लेखन हा त्यांचा मुख्य अभ्यासक्रम असे. छापील पुस्तक नसल्याने आजच्या अर्थाचे वाचन तेथे नव्हतेच. मोडीत आधी ओळीभर शिरोरेषा ओढून तिच्याखाली सलग अक्षरे लिहिण्याची रीत होती; शब्द सुटे करीत नसत व विरामचिन्हेही नव्हती. त्यामुळे अनोळखी हातचे खत किंवा वरात वाचून दाखविणे ही कसोटीची बाब ठरे. लिहिणे आधी आणि वाचणे मागाहून, असा शिक्षणाचा क्रम होता. मोठी मुले लहानांना गिरवून देत. पंतोजीच्या पात्रतेचा दाखला कोणी मागत नसे. त्याच्या हाताखालची मुले खत वाचतात आणि हिशेब मांडतात की नाही, हे गाव पाहत असे. १८२९ च्या सरकारी गणतीनुसार मुंबई इलाख्याच्या सु. ४६ लाख ८१ हजार लोकवस्तीत १,७०५ शाळा व ३५,१४३ विद्यार्थी होते. या आकड्यांत घरगुती शिक्षण कितपत धरले गेले, याविषयी मतभेद आहेत. परंतु मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले या शाळांच्या बाहेर होती, याविषयी ते नाहीत.

छापील पुस्तकाबरोबर शिक्षकाकडून होणारी अपेक्षाही बदलली. माउंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन यांच्या पुढाकाराने १८२२ साली स्थापन झालेल्या व पुढे बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखल्या गेलेल्या संस्थेने कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली मराठी शालेय पुस्तके तयार करविली. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची बालमित्र व इसापनीतिकथा ही भाषांतरे (१८२८) याच काळातील. शिक्षक तयार करण्याचे कामही या संस्थेने हाती घेतले. १८४५ मध्ये मुंबईत अध्यापकवर्ग निघाला आणि बाळशास्त्री जांभेकर त्याचे संचालक झाले. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. मेजर टॉमस कँडी यांनी विरामचिन्हांवर पुस्तिका लिहून (१८५०) मराठी छपाईत ती चिन्हे रूढ केली. सुटे शब्द, स्वल्पविराम आणि पूर्णविराम यांमुळे वाचनाचे स्वरूपच पालटले. एकेका हस्ताक्षराशी झगडण्याऐवजी एकच मजकूर शेकडो शाळांतून वाचला जाऊ लागला, आणि त्यायोगे तो मोजताही येऊ लागला.

मोजमापाचा आरंभ : वुडच्या खलित्यानंतर (१८५४) मुंबई इलाख्यात शिक्षणखाते स्थापन झाले. जमीनमहसुलावरील एक आणा स्थानिक उपकरातून खेड्यांतील शाळांना पैसा मिळू लागला आणि शाळांची संख्या भराभर वाढली. या शाळांना शिक्षक पुरविण्यासाठी ट्रेनिंग कॉलेजे निघाली, तथापि त्यांतून बाहेर पडणाऱ्यांची संख्या गरजेच्या मानाने फारच अपुरी होती. परिणामी मराठी शाळेची शेवटची परीक्षा, लोकांच्या तोंडी असलेली ‘मुलकी परीक्षा’, उत्तीर्ण झालेला तरुण थेट त्याच शाळेत मास्तर म्हणून रुजू होई. तीच परीक्षा महसूल खात्यातील खालच्या जागांसाठीही चालत असल्याने ज्याला कचेरीत जागा मिळाली नाही, तो पुष्कळदा शाळेकडे वळे.

इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित संहितेने शाळांचे अनुदान मुलांच्या वाचन, लेखन व अंकगणित यांतील परीक्षेशी बांधले होते. मुंबई इलाख्यातही खाजगी शाळांना अनुदान देताना परीक्षेच्या फलावरून रक्कम ठरविण्याची पद्धत अवलंबिली गेली. वाचन-संपादणुकीचे हे पहिले सार्वत्रिक मोजमाप म्हणता येईल, आणि त्याच्या मर्यादाही तेव्हाच उघड झाल्या. कवी व शाळा-निरीक्षक मॅथ्यू आर्नल्ड यांनी इंग्लंडमध्ये अशी तक्रार केली, की मुले नेमलेले पुस्तक तोंडपाठ करून परीक्षकापुढे ‘वाचतात’. इकडे दिपोटी यावयाच्या आधी धडे घोकून घेणारे मास्तर आणि पुस्तक उलटे धरूनही न अडखळता धडा म्हणणारा मुलगा, हे चित्र जुन्या पिढीच्या आठवणींतून वारंवार भेटते. विसाव्या शतकाच्या आरंभी, लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत, फलानुसार अनुदानाची पद्धत मोडीत निघाली. घोकून घेण्याची सवय तिच्याबरोबर गेली नाही.

१८८२ च्या दोन साक्षी : सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे १८८२ मध्ये पुण्याहून दोन महत्त्वाची निवेदने आली. शिक्षकाची पात्रता म्हणजे काय, हा प्रश्न त्यांत ज्या स्पष्टतेने मांडला गेला, तसा तो नंतर क्वचितच मांडला गेला असेल.

जोतीराव फुले यांनी आपल्या निवेदनात अशी वस्तुस्थिती मांडली, की प्राथमिक शाळांतील जवळजवळ सर्व शिक्षक ब्राह्मण आहेत. त्यांतील थोडे ट्रेनिंग कॉलेजातून आलेले असून बाकीचे अप्रशिक्षित आहेत. त्यांचा पगार क्वचितच १० रुपयांवर जातो आणि त्यांची तयारीही बेताचीच असते. शिक्षक प्रशिक्षित असावेत, आणि शक्यतो शेतकरी वर्गातून घेतलेले असावेत, अशी त्यांची मागणी होती. असा शिक्षक मुलांत व पालकांत मिसळेल, त्यांच्या गरजा जाणेल आणि प्रसंगी नांगर किंवा सुताराचे हत्यार हाती धरण्यास लाजणार नाही, हे त्यामागील कारण. प्रशिक्षित शिक्षकास किमान १२ रुपये व मोठ्या गावी १५ ते २० रुपये वेतन असावे, असेही त्यांनी सुचविले. अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध या दोन्ही लिप्यांचे वाचन-लेखन त्यांना हवे होते. खताचे वाचन आणि पुस्तकाचे वाचन या दोन्हींची गरज खेड्यातील माणसाला असते, ही जाण त्यामागे दिसते.

पंडिता रमाबाई यांनी मुलींच्या शिक्षणासंबंधी साक्ष देताना अध्यापिका होऊ इच्छिणाऱ्या स्त्रीला स्वतःच्या भाषेचे अचूक ज्ञान असले पाहिजे आणि तिने इंग्रजीच्या चौथ्या-पाचव्या इयत्तेपर्यंतची परीक्षा दिलेली असावी, अशी अट सुचविली. तिला पुरेसे वेतन व राहण्याची सोय असावी, असेही त्यांनी म्हटले. त्या वेळी त्यांचे वय अवघे चोवीस वर्षांचे होते.

फुले यांचा भर शिक्षक कोण आहे यावर, तर रमाबाईंचा भर त्याला स्वभाषा किती येते यावर होता. प्रशिक्षणाची मागणी फुले यांनीही केली होती. परंतु शिक्षणखात्याने पुढील शंभर वर्षे या सर्वांतून वेगळी काढून मोजली ती प्रमाणपत्रेच. त्यात खात्याचा दुष्टावा पाहण्याचे कारण नाही. प्रमाणपत्र नोंदवहीत लिहिता येते. शिक्षकाचे भाषेवरील प्रभुत्व आणि गावाशी असलेले नाते लिहिता येत नाही.

‘जुनी सातवी’ : जुन्या काळच्या सातवीला आजचा पदवीधर हरणार नाही, असे वयोवृद्ध मंडळींकडून आवर्जून सांगितले जाते. मराठी सातवीच्या म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल परीक्षेच्या, आणि पुढे प्राथमिक शाळा प्रमाणपत्र परीक्षेच्या बळावर शिक्षक झालेल्या पिढ्यांनी महाराष्ट्राला वाचावयास शिकविले, हे खरेच आहे. तथापि त्या काळातील संपादणुकीचा अंदाज बांधताना एक गोष्ट विसरून चालत नाही. हार्टोग समितीने (१९२९) ब्रिटिश हिंदुस्थानासाठी दिलेल्या आकडेवारीप्रमाणे १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या दर १०० मुलांपैकी १९२५-२६ साली चौथीत पोहोचलेली मुले केवळ १८ होती. सातवीपर्यंत टिकणारी त्याहूनही कमी. म्हणजे जुन्या सातवीचे चांगले वाचन हे पुष्कळ अंशी चाळणीचे फळ होते. ज्यांना वाचता आले नाही ती मुले गुरे राखीत होती, कोणत्याही वर्गात बसलेली नव्हती, आणि म्हणून कोणत्याही सरासरीत धरली गेली नाहीत. आजच्या वर्गाशी त्या वर्गाची तुलना करणारे हे बहुधा लक्षात घेत नाहीत.

हार्टोग समितीने यावर सुचविलेला उपाय शाळांच्या विस्ताराला आवर घालून दर्जा व शिक्षकांचे प्रशिक्षण सुधारण्याचा होता. रा. वि. परुळेकर यांनी लिटरसी इन इंडिया (१९३९) या ग्रंथात या भूमिकेला विरोध केला. दर्जाच्या नावाखाली बहुसंख्य मुलांना शाळेबाहेर ठेवणे हाच मोठा अपव्यय आहे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. हा वाद केवळ विद्वानांचा नव्हता. प्रशिक्षित शिक्षक मिळेपर्यंत गावाने थांबावे, की मिळेल त्या शिक्षकावर शाळा सुरू करावी, असा त्याचा व्यावहारिक अर्थ होता. सातारा जिल्ह्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी त्याचे उत्तर कृतीने दिले. रयत शिक्षण संस्थेने १९३५ मध्ये साताऱ्यास प्राथमिक शिक्षकांसाठी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले, खेड्यातील बहुजन समाजाच्या मुलांना तेथे तयार केले आणि ज्या गावांत शाळा नव्हती अशा शेकडो गावांत व्हॉलंटरी शाळा चालविल्या. फुले यांच्या निवेदनातील शिक्षक अर्धशतकानंतर असा प्रत्यक्षात उतरला. त्याच जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाची पाहणी धनंजयराव गाडगीळ व वि. म. दांडेकर यांनी केली. गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेला त्यांचा अहवाल भारतातील या प्रकारच्या आरंभीच्या शास्त्रशुद्ध अभ्यासांत मोडतो. शाळा सोडलेली मुले पुन्हा निरक्षर होतात काय, हा त्यातील एक प्रश्न होता. शाळा संपली आणि घरात वाचावयास काही नसले, तर येणारे वाचनही टिकत नाही, हा मुद्दा त्यामुळे चर्चेत आला.

स्वातंत्र्योत्तर काळात ज्युनिअर व सीनियर पी. टी. सी., नंतर डी. एड्., आणि त्याच्या प्रवेशासाठी प्रथम शालान्त व पुढे बारावी, अशा पायऱ्यांनी पात्रता चढत गेली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) माध्यमिक शिक्षण व दोन वर्षांचे प्रशिक्षण ही प्राथमिक शिक्षकाची किमान पात्रता असावी, अशी शिफारस केली.  १९६७ मध्ये बालभारतीची स्थापना होऊन राज्यभर एकच क्रमिक पुस्तक आले.

अन्य देशांतील पुरावा : याच सुमारास या गृहीताची तपासणी परदेशांत होऊ लागली. अमेरिकेत जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली सु. ६ लाख विद्यार्थी व ६० हजार शिक्षक यांची पाहणी होऊन १९६६ मध्ये अहवाल निघाला. मुलाच्या संपादणुकीवर कुटुंबाच्या परिस्थितीचा प्रभाव मोठा असून शाळेच्या साधनसामग्रीचा त्यामानाने थोडा आहे, हा त्याचा निष्कर्ष बराच गाजला. त्यातील एक बारकावा मात्र कमी लक्षात घेतला गेला. शिक्षकांच्या गुणांपैकी पदवी व अनुभव यांपेक्षा त्यांच्या भाषिक क्षमतेच्या चाचणीतील गुणांचा मुलांच्या संपादणुकीशी अधिक संबंध आढळला होता. रमाबाईंनी घातलेली अट येथे आकड्यांच्या रूपाने पुन्हा समोर आली.

त्यानंतर अमेरिकेतील शिक्षकांच्या पदव्या झपाट्याने वाढल्या. पदव्युत्तर पदवी असलेल्या शिक्षकांचे प्रमाण १९७१ मध्ये सु. २७ टक्के होते, ते १९९६ मध्ये ५४ टक्क्यांच्या वर गेले. राष्ट्रीय मूल्यमापनातील नऊ वर्षे वयाच्या मुलांचे वाचनाचे सरासरी गुण याच अवधीत २०८ वरून केवळ २१२ झाले, तर सतरा वर्षे वयाच्यांचे २८५ वरून २८८. सरासरीच्या आत मात्र हालचाल होती : सतरा वर्षांच्या गोऱ्या व कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांतील अंतर १९७१ मधील ५३ गुणांवरून १९८८ पर्यंत २० गुणांवर आले, पुढे ते पुन्हा वाढले. फिनलंडने १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस प्राथमिक शिक्षकांनाही पदव्युत्तर पदवी आवश्यक केली आणि २००० च्या पिसा चाचणीत वाचनात ५४६ गुणांसह पहिला क्रमांक मिळविला. तेव्हा जगाने त्याचे श्रेय शिक्षकांच्या पदव्यांना दिले. पदव्यांची अट तशीच राहिली आणि २०२२ मध्ये गुण ४९० वर आले. भारतानेही १९७०-७१ च्या पंधरा देशांच्या वाचन-आकलन पाहणीत हिंदीभाषी प्रदेशापुरता भाग घेतला होता. त्यात भारत, इराण व चिली हे देश इतरांच्या बरेच मागे राहिले.

अलीकडील काळ : महाराष्ट्राने २००० मध्ये शिक्षणसेवक योजना सुरू केली. डी. एड्. झालेल्या तरुणाने पहिली तीन वर्षे दरमहा ३,००० रुपये मानधनावर काम करावयाचे होते. पात्रता वाढवून वेतन घटविण्याचा हा प्रयोग होता. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर शिक्षक पात्रता परीक्षा अनिवार्य झाली व राज्यात ती प्रथम डिसेंबर २०१३ मध्ये झाली. दरम्यान डी. एड्. महाविद्यालयांचे अमाप पीक आले. मग भरती बराच काळ थंडावली आणि यांतील अनेक महाविद्यालये ओस पडली.

प्रथम या संस्थेच्या प्रेरणेने २००५ पासून होणाऱ्या ‘असर’ या ग्रामीण पाहणीत मुलाच्या घरी जाऊन त्याच्याकडून अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद व दुसरीच्या पातळीचा उतारा वाचून घेतात. देशभरात दुसरीचा उतारा वाचू शकणाऱ्या पाचवीतील मुलांचे प्रमाण २०१० मध्ये सु. ५४ टक्के होते. ते २०१२ मध्ये ४७, २०१८ मध्ये सु. ५० आणि कोरोनाच्या साथीत शाळा बंद राहिल्यानंतर २०२२ मध्ये सु. ४३ टक्के झाले. २०२४ मध्ये ते ४९ टक्क्यांच्या जवळ आले. शिक्षकांच्या पात्रतेचा आलेख या सर्व वर्षांत चढताच होता. अर्थात येथेही हार्टोग समितीच्या काळाची आठवण ठेवली पाहिजे : पाचवीत पोहोचणाऱ्या मुलांत आता जवळजवळ सगळीच मुले आहेत, आणि त्यांतील अनेकांच्या घरी पुस्तक वाचणारी ही पहिलीच व्यक्ती आहे.

मुंबई व वडोदरा येथे २००१ ते २००३ या काळात झालेला ‘बालसखी’ प्रयोग या संदर्भात लक्षणीय ठरतो. वस्तीतीलच दहावी-बारावी झालेल्या तरुणींना सु. दोन आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन महापालिकेच्या शाळांतील मागे पडलेली मुले रोज दोन तास त्यांच्याकडे सोपविण्यात आली. त्यांचे मानधन दरमहा ५०० ते ७५० रुपये होते. अभिजित बॅनर्जी, एस्तर डुफ्लो व त्यांचे सहकारी यांनी केलेल्या मूल्यमापनात या शाळांतील मुलांची संपादणूक स्पष्टपणे वाढलेली आढळली, गणितात अधिक आणि भाषेत कमी. यावरून प्रशिक्षित शिक्षकाची गरज नाही असा अर्थ काढणे, आणि तो काहींनी काढलाही, हा उतावीळपणा होय. बालसखीपुढे वीस-एक मुले होती, सर्व एका पातळीची. वर्गशिक्षकापुढे संपूर्ण वर्ग, अभ्यासक्रम आणि शाळाबाह्य कामे होती. शिवाय मूल जेथे अडले आहे तेथून शिकविण्याची मुभा तिला होती. ती शिक्षकाला दिली गेली नव्हती. मात्र मुलांत मिसळणारा शिक्षक ही फुले यांची अपेक्षा भाबडी नव्हती, एवढे या प्रयोगाने दाखविले. मेळघाटातील कोरकू किंवा नंदुरबारमधील भिल्ल मुलांच्या बाबतीत तर ती अधिकच खरी आहे. तेथे पहिलीच्या पुस्तकातील मराठी ही मुलाच्या घरची भाषा नसते, आणि उत्तम पात्रतेचा शिक्षकही मुलाची भाषा येत नसेल तर अक्षरांना आवाज देऊ शकतो, अर्थ देऊ शकत नाही.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातूनही गेलेल्या अपिलांवर निर्णय देताना, निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या कार्यरत शिक्षकांनीही दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक ठरविले. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपविला. वीस-पंचवीस वर्षे पहिलीला शिकविलेल्या शिक्षकांनाही त्यामुळे पुन्हा परीक्षेस बसण्याची वेळ आली. प्राथमिक स्तरासाठीच्या या परीक्षेत दीडशे गुणांचे दीडशे प्रश्न असून दोन भाषांना प्रत्येकी तीस गुण आहेत. सर्व प्रश्न पर्यायांतून उत्तर निवडण्याचे असतात. उमेदवाराने एखादा उतारा मोठ्याने वाचून दाखवावा, अशी तरतूद तीत नाही.